थंड गाडीत लागलेले ‘ऊन’ : उभ्या गाडीतील एसीचे एक प्रकरण

मे महिन्याच्या मध्यावर, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला असलेल्या एका खेड्यात दुपारच्या लग्नाला आलेल्या कुटुंबातील तिघे जण एसी चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीत झोपले असताना आजारी पडले. त्यांत घरची तरुण सून, तिचा सहा वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी होती. बाहेर पारा ४४ अंशांवर गेलेला होता, त्यामुळे मांडवातल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच निदान केले : ऊन लागले. हे निदान चुकीचे होते. ते का चुकले आणि त्या चुकीमुळे तिघांना पुन्हा त्याच गाडीत घालण्याची वेळ कशी आली होती, हा या टिपणाचा मुख्य विषय आहे. प्रकरण प्रातिनिधिक आहे. लग्नसराईत या भागात ज्या परिस्थितीत असे घडते ती परिस्थिती येथे एकत्र मांडली आहे, आणि त्यातील माणसे, गाव व गाडी कोणी विशिष्ट नाही.

प्रवास

गाडी दहा वर्षांहून जुनी, पाच आसनी, पेट्रोलवर चालणारी होती. हिंगणघाटहून निघताना तीत सात जण बसले : सासू, सासरे, आत्या, सून, दोन मुले आणि गाडी चालवणारा दीर. सुनेचा नवरा कामामुळे मागाहून येणार होता. वडनेर, वडकी, करंजी असा राष्ट्रीय महामार्ग ४४ चा सरळ रस्ता असल्याने प्रवासात अडचण अशी काही नव्हती. निघाल्यापासून काचा बंद होत्या आणि पंखा सर्वांत वरच्या आकड्यावर होता.

डॅशबोर्डवर तापमानाच्या गोल बटणाच्या वर एक आडवी सरकणारी दांडी होती. तिच्या एका टोकाला गाडीच्या आकृतीत बाहेरून शिरणारा बाण काढलेला होता आणि दुसऱ्या टोकाला गाडीच्या आतच वळण घेणारा बाण. दांडी आतल्या बाणावर होती. कित्येक आठवड्यांपूर्वी पांदणीने शेतात जाताना धूळ आत येऊ नये म्हणून दिराने ती तिकडे सरकवली होती आणि त्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. अनेक नव्या गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की ही निवड आपोआप मूळ जागी येते; जुन्या गाडीतली तारेने चालणारी दांडी मात्र जिथे ठेवली तिथेच राहते.

दांडी आतल्या बाणावर असली की एसी बाहेरची हवा न घेता गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढून थंड करतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात याचा फायदा खरा आहे, कारण ४४ अंशांची हवा थंड करण्यापेक्षा आधीच २८ अंशांवर आलेली हवा आणखी थंड करणे यंत्राला सोपे जाते. अडचण दुसरीकडे आहे. लहान गाडीच्या आतली जागा साधारण तीन घनमीटर, म्हणजे तीन हजार लिटर असते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस तासाला पंधरा ते वीस लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर टाकतो. पाच प्रौढ आणि दोन मुले मिळून हा आकडा तासाला शंभर लिटरच्या आसपास जातो. हवेची ये-जा अजिबात झाली नाही असे धरले, तर सहा मिनिटांत दहा लिटर वायू साठतो आणि आतल्या हवेतले त्याचे प्रमाण दशलक्षात तीन हजारांहून अधिक भागांनी वाढते. बाहेरच्या मोकळ्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० भाग असते, आणि कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी जी कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते ती ५,००० भागांची आहे. प्रत्यक्षात कोणतीही गाडी हवाबंद नसते आणि धावत्या गाडीत फटींतून बरीच हवा बदलते, त्यामुळे हिशेबाइतकी वाईट स्थिती येत नाही. तरीही खच्चून भरलेल्या गाडीत ती मर्यादा ओलांडली जाणे अवघड नाही. याने कोणी दगावत नाही, पण डोके जड होते, जांभया येतात आणि चालकाचे लक्ष मंदावते.

करंजी येईपर्यंत दीर सारखा जांभया देत होता आणि आत्याचे डोके ठणकू लागले होते. दोघांनीही पहाटेच्या उठण्यावर ठपका ठेवला. चहासाठी दारे उघडून सगळे दहा मिनिटे खाली उतरले, तेव्हा बरे वाटले, आणि त्याचे श्रेय चहाला मिळाले.

खरे तर बंद हवेची गोष्ट विदर्भात कोणाला नव्याने सांगावी लागू नये. कूलर लावला की समोरची खिडकी किंवा दार किलकिले ठेवावे लागते, नाहीतर खोली दमट होऊन कोंदटते, हे इथले शाळकरी पोरही जाणते. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून आतल्या हवेला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. गाडीचा एसी मात्र बाहेरचे काही न घेताही थंडावा देतो, आणि थंडावा आहे म्हणजे हवाही चांगली आहे, असा समज इथेच तयार होतो. बसणारे जास्त असतील तर दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन मिनिटे दांडी बाहेरच्या बाणावर न्यावी, किंवा पंखा वाढवून ती तिकडेच ठेवावी आणि थोडा कमी थंडावा चालवून घ्यावा. वणीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकमागे अडकल्यास, शेतात पऱ्हाटी जाळल्याचा धूर रस्त्यावर आल्यास किंवा कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीची धूळ उडत असल्यास आतला बाण योग्यच आहे, मात्र तेवढ्यापुरता.

गाडी कुठे उभी केली

लग्नघर गावाच्या कडेला होते. मांडवासमोर उन्हात गाड्यांची रांग लागलेली असल्याने दिराने गाडी घरामागच्या वाडीत नेली. तिथे गोठ्याची भिंत, तिला लागून टिनाचे छप्पर आणि एका अंगाला कडब्याची गंजी अशी तीन बाजूंनी आडोशाची जागा होती. गाडी मागे घेत घेत त्याने ती भिंतीपासून हातभर अंतरावर उभी केली. सावलीच्या दृष्टीने संपूर्ण वाडीत याहून चांगली जागा नव्हती. वाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईटही नव्हती.

जेवणे दोननंतर होणार होती. धाकटी झोपेला आली होती आणि मांडवातल्या पंख्यांखाली गर्दी झाली होती. सासूबाईंनीच सुचवले, “सूनबाई, पोरांना घेऊन गाडीत पड जराशी, थंड आहे.” दिराने इंजिन व एसी चालू ठेवले, काचा बंद केल्या आणि तो पंगतीच्या कामाला गेला.

या निर्णयाला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही, कारण त्यामागे एक बरोबर माहिती होती. उन्हात बंद गाडीत मूल ठेवू नये, हे कुटुंबाला ठाऊक होते. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजणीत बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांत दहा अंश सेल्सिअसच्या आसपास चढलेले आणि एकूण वाढीपैकी सुमारे चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासात झालेली आढळली. काच बोटभर उघडी ठेवूनही त्यात फारसा फरक पडला नव्हता. लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. हे सगळे टाळण्यासाठीच इंजिन चालू ठेवले गेले. एक धोका नीट ओळखून त्यावर जो उपाय केला, त्यातूनच दुसरा धोका उभा राहिला, आणि तो धोका थंड होता म्हणून दिसला नाही.

पाऊण तासाने

दीर जेवायला बोलावायला गेला, तेव्हा दार उघडताच थंड हवेचा झोत अंगावर आला. सून जागी होती, पण तिचे बोलणे तुटक होते, आणि उभी राहताच तिने उलटी केली. मुलगा दोन्ही हातांनी डोके धरून बसला होता. मुलगी उठवूनही मान टाकत होती.

तिघांना ओसरीवर आणले गेले. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा ठेचून नाकाशी धरला, आणि “पोराले ऊन लागलं, पन्हं द्या बाप्पा” असे म्हणत एका आजींनी कैरीचे पन्हे मागवले. अर्धवट शुद्धीतल्या मुलाच्या तोंडात कोणतेही पेय घालणे धोक्याचे असते, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. सुदैवाने पन्हे येण्याआधीच मुलीला उचलले गेले होते.

खरा कठीण क्षण यानंतरचा होता. ऊन लागले म्हटल्यावर त्यावरचा उपाय थंडावा, आणि वाडीतली सर्वांत थंड जागा म्हणजे तीच गाडी. तिचे इंजिन अजून चालू होते. तिघांना तीतच झोपवून, काचा बंद ठेवून दवाखान्यात न्यावे, असे ठरलेही होते. पण वाडीच्या तोंडाशी वरातीचा ट्रॅक्टर आडवा उभा होता आणि त्याचा चालक सापडेना. दारात पाहुण्यांना सोडायला आलेली एक काळी-पिवळी उभी होती. तीत सगळे बसले आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघाले. तिला एसी नव्हता, मागचे दार नीट लागत नव्हते आणि सर्व खिडक्या उघड्या होत्या. वाटेत मुलाने डोळे नीट उघडले आणि पाणी मागितले. ४४ अंशांच्या झळांमध्ये ‘ऊन लागलेला’ मुलगा सुधारतो आहे, याचे नवल कोणाला वाटले नाही. तशी वेळही नव्हती.

आरोग्य केंद्रातले दोन प्रश्न

परिचारिकेने कागदावर पहिली नोंद उष्माघाताच्या संशयाची केली. मे महिन्यात तिच्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांची तीच तक्रार असेल, तर यात तिचा दोष काढता येत नाही. मात्र तिने तापमान मोजले, आणि तिथून प्रकरणाची दिशा बदलली. तिघांचेही तापमान ९८ ते ९९ अंश फॅरनहाइट होते, त्वचा कोरडी-तापलेली नव्हती, उलट हात गार होते. खऱ्या उष्माघातात शरीराचे तापमान १०४ अंश फॅरनहाइटच्या आसपास किंवा त्याच्या वर गेलेले असते. वाटेत थोडे उतरले असेल असे म्हणावे, तर तिन्ही रुग्णांचे तापमान एकदम इतके उतरणे संभवत नाही. नाडी जलद होती. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ हा आकडा दिसत होता.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला होता : आणखी कोणाला त्रास झाला का? सासूबाई दिवसभर उन्हातल्या मांडवात फिरत होत्या, त्यांचे वय साठीच्या पुढचे, आणि त्या ठणठणीत होत्या. “मी तं मांडवातच होती ना साहेब, गाडीत कायले जाऊ?” या त्यांच्या वाक्यात निदान जवळजवळ आलेलेच होते. जे उन्हात होते ते बरे होते. जे थंडाव्यात होते तेच आजारी होते, तेही तिघे एकाच वेळी. दुसरा प्रश्न आपोआप आला : गाडीचे इंजिन चालू होते का?

इंजिनात पेट्रोल अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक घट्ट धरतो, त्यामुळे रक्त वाहत राहते पण शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. हवेत दशलक्षात २०० भाग असतील तर डोकेदुखी सुरू व्हायला दोन-तीन तास लागतात. ८०० भागांना पाऊण तासात गरगरणे व मळमळ सुरू होते आणि दोन-तीन तासांत जीव जाऊ शकतो. १,६०० भागांना हेच सर्व तासाभरात आटोपते. लहान मुले वेगाने श्वास घेतात म्हणून त्यांना आधी बाधते, आणि झोपलेल्या माणसाला डोकेदुखीची सूचनाच मिळत नाही. डोकेदुखी, चक्कर, उलटी, गळाठा ही लक्षणे ऊन लागण्याच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की उन्हाळ्यात विदर्भात या विषबाधेला लपायला याहून चांगला आडोसा नाही. थंड प्रदेशांत तिला फ्लू समजण्याची चूक होते; इथे ऊन.

ऑक्सिमीटरचा आकडा या प्रकारात फसवा असतो, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. हे छोटे यंत्र प्रकाशाच्या शोषणावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखते, आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेल्यासारखेच दिसते. पुस्तकांत सांगितलेला त्वचेचा लालबुंद रंगही जिवंत रुग्णात क्वचितच आढळतो. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ९८ या आकड्याकडे न पाहता तिघांनाही घट्ट बसणाऱ्या मास्कने ऑक्सिजन लावला. साध्या हवेत श्वास घेतल्यास रक्तातले या वायूचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर ते साधारण तासा-दीड तासात होते. याच कारणाने रक्ताचा नमुना लवकर घ्यावा लागतो. उशिरा घेतलेला नमुना काही झालेच नव्हते असे सांगू शकतो. नमुने घेऊन, ऑक्सिजन चालू ठेवून, १०८ च्या रुग्णवाहिकेतून तिघांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यात आले.

गाडीखाली काय सापडले

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी मोकळ्या जागेत नेऊन पाहिली. इंजिन थंड असताना ते सुरू करून त्याने सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर दाबला, आणि पुढच्या बाजूला, इंजिनापासून येणारी नळी जिथे लवचीक जाळीच्या तुकड्याने पुढच्या नळीला जोडलेली असते, तिथे फुसफुस ऐकू आली. जाळी एका बाजूने फाटलेली होती. पांदणीतल्या चाकोरीच्या उंचवट्याला गाडी खालून घासल्यावर हे सहज होते. महिनाभरापासून गाडी थोडी फटफट आवाज करत होती, हे दिराला आता आठवले. सायलेन्सर वाजतो म्हणजे फार तर आवाज वाढतो, इतकाच त्याचा अर्थ त्याने लावला होता. गळती धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असल्याने तिथून निघणारा धूर कसलीही प्रक्रिया न झालेला होता. पीयूसी प्रमाणपत्र चालू होते, पण ती तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशी बाहेर पडणारा धूर मोजते. वाटेत गळणाऱ्या धुराबद्दल ती काही सांगत नाही.

मागे डिकीच्या दाराचे रबर खताची पोती चढवता-उतरवताना दोन ठिकाणी फाटले होते. आणि डिकीच्या तळाला, स्पीकरची तार नेण्यासाठी कोणा दुकानात पाडलेले बोटभर भोक उघडेच राहिले होते, त्यावर रबरी बूच नव्हते. भोकाच्या कडेला खालच्या बाजूने काजळीचा पातळ थर होता. मिस्त्रीने बोट फिरवून तो दिराला दाखवला.

धावत्या गाडीत यापैकी बहुतेक धूर वाऱ्याने मागे जातो. सकाळच्या प्रवासातल्या जडपणात त्याचाही थोडा वाटा असेल. उभ्या गाडीत, तीन बाजूंनी आडोसा आणि मागे भिंत असताना, गळका धूर आणि सायलेन्सरचा धूर दोन्ही गाडीखाली व भोवती साचत जातात. ‘दांडी बाहेरच्या बाणावर असती तर वाचलो असतो’ असे दिराला वाटत होते. तसे नाही. बाहेरची हवा घेण्याची जाळी समोरच्या काचेच्या पायथ्याशी, इंजिनाच्या कप्प्याला लागून असते. भोवती धूर साचला असेल तर बाहेरचा बाण तोच धूर पंख्याने आत ओढेल. आतला बाण असेल तर ती वाट बंद होते, पण फाटलेले रबर आणि उघडे भोक बंद होत नाहीत, आणि आत आलेला वायू बाहेर जायलाही वाट राहत नाही. रस्त्यावर जो बाण श्वासासाठी योग्य, तो उभ्या गाडीत संरक्षण देत नाही. धावती गाडी आणि इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी यांना हवेच्या बाबतीत एक समजू नये.

गावात मात्र दोन दिवसांत ‘एसीचा गॅस लीक झाला’ अशी बोलवा पसरली. एसीच्या नळ्यांतून फिरणारा वायू लहान गाडीत अर्धा किलोच्या आसपास असतो. तो गळला तर एसी थंड करणे सोडून देतो. इथे तर एसी उत्तम थंड करत होता. एसी स्वतः काहीही जाळत नाही, जाळते ते इंजिन. हा घोळ निरुपद्रवी नाही, कारण ‘एसीचा गॅस’ म्हटले की माणूस एसीवाल्याकडे जातो, आणि फाटलेली जाळी तशीच राहते. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून कॅन्सरकारक वायू निघतो म्हणून आधी काचा उघडा, असा एक संदेश मोबाइलवर अनेक वर्षे फिरतो. त्यातले कारण फुगवलेले आहे, सल्ला मात्र उन्हाळ्यात दुसऱ्याच कारणाने उपयोगी आहे. उन्हात तापलेल्या गाडीत बसण्याआधी दारे उघडून आणि पहिली दोन-तीन मिनिटे काचा खाली ठेवून गाडी चालवली, की आतली भट्टीसारखी हवा निघून जाते आणि एसीला कमी कष्ट पडतात.

मिस्त्रीने हातासरशी केबिन फिल्टरही काढला. तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, हे मालकाला माहीत नव्हते. त्यावर कापसाचे तंतू आणि सोयाबीनच्या मळणीची धूळ यांचा करडा थर बसला होता. याचा विषबाधेशी संबंध नाही. पण फिल्टर तुंबल्याने बाहेरच्या बाणावर हवा अगदी मंद येते, आणि म्हणूनही लोक दांडी आतल्या बाणावर ठेवून देतात. पावसाळ्यात हीच सवय दुसऱ्या प्रकारे नडते : सात जणांचा दमट उच्छ्वास आतच फिरून समोरची काच आतून धुके धरते. तेव्हा एसी चालू ठेवून दांडी बाहेरच्या बाणावर न्यावी आणि हवा काचेवर सोडावी. धुके काचेच्या बाहेरच्या अंगाला असेल, म्हणजे वायपर फिरवल्यावर जात असेल, तर उलट करावे : काच फार गार झाली आहे, थंड हवा तिच्यावरून काढावी आणि तापमान थोडे वाढवावे.

दुसरे काय करता आले असते

लग्नघराच्या शेजारी तीन घरांत कूलर चालू होते. लग्नाच्या दिवशी पाहुण्यांची मुले शेजाऱ्याच्या खोलीत झोपवणे यात या भागात कोणालाही संकोच वाटत नाही. सूनच सासरच्या पाहुण्यांकडे नवखी असल्याने तिने विचारले नाही, आणि गाडी हाताशी होती. मांडवाबाहेर चिंचेखाली बाज टाकून, ओले फडके अंगावर घेऊन झोपणेही या गाडीपेक्षा सुरक्षित होते.

गाडीतच थांबणे भाग असेल, तर माणूस जागा हवा, गाडी मोकळ्यावर आणि वाऱ्याच्या अंगाला हवी, काचा अर्ध्याहून अधिक खाली हव्यात आणि थांबणे थोडा वेळच हवे. झोपायचे असेल तर इंजिन बंद करून दारे उघडी ठेवावीत, आणि तितके ऊन असेल तर गाडी सोडावी. सायलेन्सर फाटका नसलेल्या नव्या गाडीलाही हे लागू आहे, कारण झोपलेल्या माणसाच्या नकळत इंजिन बंद पडले तर थंडावा जाऊन उष्णतेचा मूळ धोका तत्काळ परत येतो. कडब्याजवळ इंजिन चालू ठेवण्याचा तर स्वतंत्र दोष आहे : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कित्येकशे अंशांपर्यंत तापतो, आणि त्याखाली वाळले गवत असेल तर पेट घेऊ शकतो. त्या वाडीत आग लागली नाही, एवढेच.

अशा अवस्थेत कोणी सापडले, तर आधी सगळी दारे उघडून इंजिन बंद करावे आणि माणसाला गाडीपासून दूर मोकळ्या हवेत न्यावे. १०८ ला फोन करताना ‘ऊन लागले’ असे न म्हणता ‘चालू गाडीत झोपलेले सापडले’ असे सांगावे, म्हणजे ऑक्सिजनची तयारी आधीच होते. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास व छातीवर दाब सुरू करावा. दवाखान्यात नेण्यासाठी ती गाडी वापरू नये.

पुढे

सून आणि मुलगा दुसऱ्या दिवशी घरी आले. मुलीला आणखी एक दिवस ठेवून घेतले. जाताना डॉक्टरांनी कुटुंबाला स्पष्ट सांगितले, की या विषबाधेचे काही परिणाम बरे वाटल्यानंतर काही दिवसांनी, कधी कधी महिनाभरानेही दिसू शकतात : विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे, मुलाच्या बाबतीत शिकलेले बोलणे किंवा शी-शूची सवय मागे जाणे. असे काही दिसले तर ते ‘लाडावल्यामुळे’ किंवा ‘उन्हामुळे’ झाले असे न समजता लगेच यावे, आणि न दिसले तरी तीन आठवड्यांनी तिघांनाही दाखवायला आणावे. आरोग्य केंद्राच्या कागदावर आधीची उष्माघाताची नोंद खोडून त्यापुढे कार्बन मोनॉक्साइडचे नाव लिहिले गेले, आणि तोच कागद पुढच्या तपासणीला सोबत न्यायला सांगितले. गाडीची जाळी आणि डिकीचे रबर बदलले, भोकावर बूच बसले. त्यानंतर मिस्त्रीने जोडांवर साबणाचे पाणी लावून इंजिन पुन्हा सुरू केले, आणि कुठेही बुडबुडा येत नाही हे मालकाला वाकून पाहायला लावले, मगच गाडी परत दिली.